तबकडीची पाठ

माझ्या मावसबहिणीच्या लग्नाच्या दोन सीडी होत्या. लग्न २००४ सालचं, रत्नागिरीचं. एका सीडीवर सकाळचे विधी, दुसरीवर संध्याकाळचा स्वागतसमारंभ. फोटोग्राफरनं दोन्ही सीडींवर नवरा-नवरीचा फोटो छापला होता आणि अल्बमच्या शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन खिशांत त्या सरकवून दिल्या होत्या. अल्बम पंधराएक वर्षं कपाटात, साड्यांच्या चळतीखाली पडून राहिला. भाचीला आईचं लग्न बघायचं होतं म्हणून तो बाहेर निघाला. पहिली सीडी मी ओढली. आधी ती हलेना. मग कागद टरकावा तसा आवाज झाला आणि ती हातात आली. खिशाच्या आतून नवरा-नवरी उलटे चिकटून बसले होते आणि त्यांच्या मागे चांदीच्या वर्खासारखी चमक होती. सीडी उजेडासमोर धरली, तर तिच्यातून पलीकडची खिडकी दिसली.

“अरे, खालची बाजू तर कोरी करकरीत आहे!” मावशी म्हणाली.

तिचं खरं होतं. चकचकीत बाजूवर एक चरा नव्हता. ती बाजू आपण सगळेच जपतो. बोट लागू देत नाही, ठेवताना ती वर करून ठेवतो, धूळ बसली तर शर्टाच्या टोकानं पुसतो. छापील बाजूला मात्र टेबलावर आपटतो, तिच्यावर बॉलपेननं नाव लिहितो, स्टिकर लावतो. सीडीसाठी डबी किंवा पाकीट निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून निघतात. सीडीची पाठ पोटापेक्षा नाजूक असते.

कशी, ते बघू. सीडीचा व्यास १२० मिमी, जाडी १.२ मिमी, वजन जेमतेम १५-१६ ग्रॅम. ही जवळजवळ सगळी जाडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक, चिवट प्लॅस्टिकची आहे. माहितीचे सूक्ष्म खळगे या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला, म्हणजे छापील बाजूला असतात. खळग्यांवर ॲल्युमिनियमचा मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ मुलामा, त्यावर ५ ते १० मायक्रॉनचं लॅकर आणि लॅकरवर छपाईची शाई. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपल्या लग्नाच्या चित्रीकरणाला पाठीकडून मिळालेलं संरक्षण केसाच्या सातव्या ते चौदाव्या हिश्श्याएवढं. (या प्रकरणात ‘केस’ हा शब्द यापुढे डबीच्या अर्थानं येईल. डोक्यावरचा आणि कोर्टातला, दोन्ही बाजूला ठेवू.)

लेझर येतो खालून, पोटाकडून. प्लॅस्टिकमध्ये शिरताना त्याचा झोत ०.८ मिमीच्या आसपास रुंद असतो आणि १.२ मिमी आत, खळग्यांपाशी, तो पावणेदोन मायक्रॉनपर्यंत एकवटतो. त्यामुळे पोटावरचा धुळीचा कण किंवा बारीक चरा त्याला नीट दिसतच नाही. चष्म्याच्या काचेवरच्या ठिपक्याकडे आपलं लक्ष जात नाही, तसंच हे. शिवाय माहिती लिहितानाच ती विखरून, जादा आकडे जोडून लिहिलेली असते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीवर हे जोडकाम उभं आहे. त्याच्या जोरावर खळग्यांच्या गोल फिरत जाणाऱ्या मार्गावरची सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग माहिती गेली तरी सीडी ती भरून काढते. आतून बाहेर गेलेला सरळ चरा हजारो फेऱ्यांना छेदतो, पण प्रत्येक फेरीतला इवलासाच तुकडा खातो. गोलाईतला चरा एकाच मार्गावर लांबवर बसतो आणि मग गाणं अडकतं. म्हणून सीडी पुसायची ती मध्यापासून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसणं ही तवा आणि ग्रामोफोन यांच्याकडून आलेली सवय आहे.

पोटावरचा चरा घासून, पॉलिश करून कमी करता येतो. पाठीवरून मुलामा निघाला की तिथली माहिती गेली. तिला दुरुस्ती नाही.

हे एकदा कळलं की केस निवडायची कसोटी आपोआप हाती येते. चांगली केस सीडीला भोकापाशी आणि कडेला धरते. पोटाला काही लागू देत नाही आणि पाठीला तर नाहीच नाही.

ही कसोटी पहिल्या दिवसापासून पूर्ण करणारी केस होती. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेली सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली, ती फिलिप्समधल्या पीटर डूडसन यांनी आखलेल्या ज्वेल केसमध्ये. १४२ मिमी लांब, १२५ मिमी रुंद, १० मिमी जाड. तीन तुकडे: तळ, झाकण आणि मधली थाळी. थाळीच्या मध्यावर दात्यांचं एक फूल असतं, ते सीडीचं १५ मिमीचं भोक आतून धरतं. सीडी या दात्यांवर आणि भोकाभोवतीच्या कड्यावर टेकते. माहितीचा पट्टा वरून-खालून अधांतरी राहतो. झाकणातली पुस्तिकाही पाठीपासून अंतर राखून असते. इतक्या स्वस्त वस्तूत इतका विचार मला फार कमी ठिकाणी दिसला आहे.

तिचा दोष सगळ्यांना पाठ आहे. ती पॉलिस्टायरीनची असते आणि पॉलिस्टायरीन काचेसारखं दिसतं तसं काचेसारखंच तडकतं. झाकणाच्या बिजागरीचे दोन कान तर हातातून एकदा पडली की गेलेच. पण हा दोष मी अर्धाच मानतो, कारण माप सगळीकडे एकच आहे. कान तुटलेल्या केसमधून पुस्तिका आणि मागचा कागद काढून दुसऱ्या केसमध्ये घातला की पाच मिनिटांत घर नवं. नावडत्या सीडीची केस आवडत्या सीडीला देणं हा आमच्या घरातला जुना व्यवहार आहे. पुठ्ठ्याच्या घडीत थाळी चिकटवलेले डिजिपॅक दिसायला देखणे असतात, पण त्यांचे दाते तुटले की बदलता येत नाहीत. निम्म्या जाडीच्या स्लिम केस चालतात, फक्त मागच्या कडेवर नाव छापायला जागा नसते. शंभर सीडी ओळीनं उभ्या केल्यावर हवी ती शोधताना हे जाणवतं.

ज्वेल केसमधून सीडी काढायची एक रीत आहे आणि तीच बहुतेकांना ठाऊक नसते. अंगठ्यानं दात्यांचं फूल दाबायचं आणि बोटांनी कड धरून सीडी उचलायची. दाते न दाबता कडेवरून खेचली तर सीडी धनुष्यासारखी वाकते. रोज वाकणाऱ्या प्लॅस्टिकवरचं लॅकर किती दिवस टिकणार?

आता पाकिटांकडे येऊ. झिपवाली, रेक्झिनची, आत चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव खिसे असलेली पाकिटं एके काळी गाडीत असायचीच. प्रत्येक खिसा पुढून पारदर्शक प्लॅस्टिकचा, मागून पांढऱ्या नॉन-वोव्हन कापडाचा. सीडी घालताना चकचकीत बाजू कापडाकडे, छापील बाजू प्लॅस्टिककडे, म्हणजे नाव वाचता येतं. विकणाऱ्यानंही हेच सांगितलेलं असतं आणि पोटाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण मग नाजूक पाठ प्लॅस्टिकला टेकून राहते. ते प्लॅस्टिक मऊ पीव्हीसीचं असलं तर पुढची गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या अल्बमसारखी होते.

पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ करायला त्यात तेलकट रसायनं मिसळतात. ती कायमची बांधलेली नसतात. उष्णतेनं, दाबानं, नुसत्या काळानंही ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. नव्या रेक्झिनचा उग्र वास आणि जुन्या प्लॅस्टिकच्या मेजपोशाचा चिकटपणा यांची ओळख प्रत्येक घराला आहे. हाच चिकटपणा सीडीच्या शाईला आणि लॅकरला धरतो.

पॉलिप्रोपिलीनमध्ये ही भानगड नाही. दुकानात दोन्ही प्लॅस्टिकं सारखीच पारदर्शक दिसतात आणि वेष्टनावर नाव असेलच असं नाही. पण घरी एक साधी परीक्षा करता येते. खिशाच्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा कापा आणि साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. साबण अशासाठी की तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून राहू नयेत. पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलकं आहे, ते वर येतं. पीव्हीसी तळाला बसतं. मी घरातली चार पाकिटं अशी तपासली. तीन बुडाली.

कागदी पाकिटं, ती गोल खिडकीवाली, थोड्या दिवसांसाठी ठीक. कागदाचे तंतू आणि त्यात अडकलेली धूळ दर वेळी सीडीवरून घासत जाते, म्हणून रोज वाजणाऱ्या सीडीला ती नकोत. नॉन-वोव्हन पाकिटांतही हाच धोका आहे, पण तो कापडापेक्षा कापडात बसलेल्या वाळूचा. गाडीची काच उघडी ठेवून घाटातून आलात तर पाकीट झटकून घ्या. सरळ आत जाणाऱ्या सीडीवर चरा उठला तरी तो बराचसा मार्गांना आडवा जातो. आपण सीडी फिरवत फिरवत खिशात कोंबतो तेव्हा कंसासारखे चरे उठतात आणि वर सांगितल्याप्रमाणे तेच महागात पडतात.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग ज्वेल केस घ्यावी आणि मोकळं व्हावं. घरासाठी हो. प्रवासात मात्र तिचे गुण उलटतात. दात्यांवर अधांतरी बसलेली सीडी धक्क्यानं सुटते, दाते तुटतात आणि त्यांचे टोकदार तुकडे बंद डबीत खुळखुळत सीडीवर फिरतात. कुरिअरनं आलेली ज्वेल केस उघडण्याआधी मी ती कानाशी धरून हलवतो. खडखडाट ऐकू आला की ती आडवी धरून, झाकण अगदी हळू उघडायचं.

वजनाचंही आहे. ज्वेल केस सीडी आणि पुस्तिकेसकट १०० ग्रॅमच्या घरात जाते. शंभर सीडी म्हणजे दहा किलो. परदेशी निघालेल्याच्या २३ किलोच्या बॅगेत लोणची, चकलीची भाजणी आणि नाट्यसंगीत यांची झटापट व्हायची त्यात नाट्यसंगीताची हार ठरलेलीच. तोच संग्रह पातळ पाकिटांत दोन किलोंच्या आसपास बसतो. म्हणून साठवणीला एक आणि प्रवासाला दुसरी अशी दोन साधनं ठेवावीत. दोन्ही कामं एकाच डब्याकडून करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात. प्रवासात सीडी पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात, पाकिटं कडक कवचाच्या पेटीत. मुक्कामी पोचल्यावर सीडी परत केसमध्ये. पाकीट हे धर्मशाळेसारखं वापरावं.

टपालानं पाठवायची असेल तर सीडी केसमधून काढून मऊ पाकिटात घाला, रिकामी केस वेगळी गुंडाळा. सीडीच्या दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे लावा, एकाच्या नाल्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल कुठल्याच दिशेनं सहज वाकणार नाही. पुठ्ठा सीडीहून सगळीकडून बोटभर मोठा हवा. रबरबँड नको. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तर कोणत्याही केसमध्ये नको. बंद गाडीत तिथं ७० अंश सेल्सियसच्या पुढे तापमान जाऊ शकतं आणि त्या उष्णतेत पाकिटाचं पीव्हीसी तर आपलं काम आणखी वेगानं करतं.

केसच सीडीला खाते, याची दोन उदाहरणं या व्यवसायात प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न गावी पीडीओ नावाचा सीडींचा कारखाना होता. तिथं १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या कित्येक सीडी काही वर्षांनी कडेकडून तांबूस पडू लागल्या. त्यांचं लॅकर गंधकाला दाद देणारं निघालं आणि गंधक आलं होतं केसमधल्या पुस्तिकेच्या कागदातून. कारखान्याला अशा सीडी पुढं अनेक वर्षं बदलून द्याव्या लागल्या. दुसरं उदाहरण १९८० च्या दशकातल्या दोन सीडींच्या जाड केसचं. २४ मिमी जाडीच्या त्या केसमध्ये सीडी हलू नये म्हणून फोमचा तुकडा घालत. फोम जुना झाला की त्याचा चिकट भुगा होतो आणि तो पडतो नेमका छापील बाजूवर. तुमच्याकडे असा जुना संच असेल तर आज उघडून बघा आणि फोम काढून टाका. उरलेली केस उत्तम आहे.

घरी लिहिलेल्या सीडींना, म्हणजे सीडी-आरना, आणखी एक शत्रू आहे. त्यांच्यात खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरनं तो जाळून नोंद केलेली असते. ऊन लागलं की कापडाचा रंग विटतो तसा हाही विटतो. पारदर्शक केस खिडकीशेजारच्या मांडणीत लावणं म्हणजे रोज थोडं थोडं पुसणं. बंद दाराचं कपाट बरं. कोऱ्या सीडी ज्या उभ्या दांड्याच्या डब्यात येतात तो डबा लिहिलेल्या सीडींसाठी वापरू नये. सीडीच्या मध्याजवळ पोटाच्या बाजूनं बोटाला लागणारी एक बारीक कड असते, ती चळतीत दोन सीडींमध्ये फट राखते. पण हवी ती सीडी शोधताना पंचवीस सीडी पत्त्यांसारख्या एकमेकींवर घासतात, त्याला ती कड काय करणार?

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाणसंस्थेसाठी फ्रेड बायर्स यांनी २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी हाताळण्याची पुस्तिका लिहिली. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, चिकट लेबल लावू नका, तापमान ४ ते २० अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के राखा, असं ती सांगते. पहिल्या दोन सूचना सोन्यासारख्या आहेत. शेवटची वाचताना जुलैतलं दापोली डोळ्यांसमोर आणावं. तिथं भिंतीला पाझर असतो आणि मीठ बरणीत पाणी होऊन बसतं. २००१ मध्ये माद्रिदच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले हाविएर गार्सिया-गिनेआ यांना मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेल्या एका सीडीत बुरशी आढळली. ती कडेकडून आत शिरली होती आणि प्लॅस्टिक व ॲल्युमिनियम दोन्ही पोखरत गेली होती. बेलीझची हवा कोकणासारखीच, उष्ण आणि दमट. अशी बुरशी सर्रास होते असं मुळीच नाही, पण बुरशीचा डाग पडलेली पुस्तिका आमच्याकडे दर दोन घरांत निघेल.

यावर मला साधलेला उपाय फरसाणाच्या डब्याचा आहे. घट्ट झाकणाचा, आतून साडेचौदा सेंटिमीटर रुंद आणि तेरा सेंटिमीटर उंच असा डबा घ्यावा. त्यात ज्वेल केस उभ्या बसतात, सेंटिमीटरला एक या हिशेबानं. सोबत सिलिका जेलची पुडी. डबा मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी भरावा. जुलैत भरला तर आपण पावसाळाच डब्यात बंद करतो. रंगीत सिलिका निळ्याची गुलाबी झाली की तिची तहान भागली असं समजून ती तापवून वाळवावी.

चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी पाणी शिरलं, तसा प्रसंग आला तर मात्र डबा-पाकीट सगळं विसरून सीडी आधी बाहेर काढायच्या. पॉलिकार्बोनेटला पाण्याचं भय नाही. भय चिखलाच्या कणांचं आणि ओल्या कागदाचं. भिजलेली पुस्तिका फुगून पाठीला टेकते आणि वाळताना चिकटते. म्हणून सीडी ओली असतानाच वेगळी करावी, स्वच्छ पाण्यात विसळावी, कडेवर उभी करून सावलीत वाळवावी. गाळ असताना पुसू नये.

डीव्हीडीचं थोडं वेगळं. तिच्यात माहिती मध्यावर, ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मधोमध असते, त्यामुळे पाठ मजबूत, पण चकत्या जोडणारा डिंक वाकण्याला घाबरतो. घट्ट दात्यांची केस तिला सीडीपेक्षा जास्त घातक. ब्लू-रे तर उलटीच, तिची माहिती पोटापासून फक्त ०.१ मिमीवर. म्हणून सुरुवातीच्या काही ब्लू-रे फ्लॉपीसारख्या बंद खोक्यातच असत आणि खोक्यासकट यंत्रात जात. पुढं पोटावर कडक लेप देण्याची युक्ती जमली आणि खोकं गेलं.

मावसबहिणीची दुसरी सीडी अजून खिशातच होती. ती मी ओढली नाही. पुठ्ठ्यापासून खिसा ब्लेडनं सोडवला, खालचं प्लॅस्टिक कापून काढलं आणि पाठीला चिकटलेलं प्लॅस्टिक तसंच राहू देऊन सीडीच्या कडेनं कात्रीनं गोल कापलं. मधल्या भोकाभोवतीही रुपयाच्या नाण्याहून मोठं वर्तुळ मोकळं केलं, म्हणजे यंत्राची पकड प्लॅस्टिकवर बसणार नाही. जुन्या संगणकात, सगळ्यात कमी वेगावर, ती पाऊण तास कुरकुरत वाचली गेली. मंगलाष्टकं गेली. पंगत मात्र जिलब्यांसकट पूर्ण मिळाली, आणि तिच्यात मावशी आग्रह करकरून वाढताना दिसते.